लिनक्स कर्नलमधला मेमरी लीक: शोधण्यापासून पॅचपर्यंत

सर्व्हर बूट केल्यापासून मोकळी मेमरी दिवसेंदिवस उतरत जाते. 'टॉप' कमांड उघडून सगळ्या प्रोसेसची बेरीज केली तरी वापरलेल्या मेमरीचा हिशोब लागत नाही. ॲप्लिकेशन बंद करून पुन्हा चालू केलं तरी गेलेली मेमरी परत येत नाही, रीबूट केलं की मात्र येते. शेवटी एका रात्री ओओएम किलर (मेमरी संपली की प्रोसेस मारणारी कर्नलची यंत्रणा) जागा होतो आणि ज्याचा काही दोष नाही अशा डेटाबेसला मारून टाकतो. एवढी लक्षणं एकत्र दिसली की संशय कर्नलवर, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्यावर, घ्यायचा: घेतलेली मेमरी तो परत करत नसावा, म्हणजेच मेमरी लीक.

युजरस्पेसमधल्या (कर्नलबाहेर चालणाऱ्या) प्रोग्रामने मेमरी सोडली नाही तरी तो संपल्यावर कर्नल त्याच्यामागचं सगळं आवरतो. कर्नलच्या मागे आवरणारं कोणी नाही. केमॅलॉक या मेमरी मागणाऱ्या फंक्शनने घेतलेले ६४ बाइट कोणी केफ्री केले (परत दिले) नाहीत, तर ते पुढच्या रीबूटपर्यंत अडकले. ही मेमरी स्वॅपवरही जात नाही. ६४ बाइटचं काय एवढं, असं वाटेल. पण तोच कोड सेकंदाला हजार वेळा चालत असेल तर दिवसाला साडेपाच अब्ज बाइट जातात.

दुरुस्ती बहुतेक वेळा एका ओळीची असते. ती ओळ कुठे टाकायची हे ठरवण्यासाठी त्या क्षणी त्या मेमरीचा मालक कोण, हे आधी सिद्ध करावं लागतं, आणि सगळा वेळ तिथेच जातो. फंक्शन, फाइल आणि कमांडची नावं इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलवर ती मूळ स्पेलिंगनेच टाइप करायची, हे वेगळं सांगायला नको.

## आधी खात्री करा की हा लीकच आहे

'फ्री' कमांडमध्ये मोकळ्या मेमरीचा आकडा छोटा दिसला म्हणून घाबरू नका. लिनक्स रिकामी मेमरी फाइल कॅशेसाठी वापरतो आणि कोणी मागितली की परत देतो. /प्रॉक/मेमइन्फो मधली 'मेमअव्हेलेबल' ही ओळ पाहायची. २०१४ मध्ये ३.१४ कर्नलपासून ती आहे. त्याच फाइलमध्ये स्लॅबचे (कर्नलच्या छोट्या ऑब्जेक्टच्या साठ्याचे) दोन भाग दिसतात, 'एसरिक्लेमेबल' (परत घेता येणारा) आणि 'एसअनरिक्लेम' (परत न घेता येणारा). पहिल्यात मुख्यतः डेंट्री आणि आयनोडच्या (फाइलींची नावं आणि माहिती यांच्या) कॅशे असतात. रात्रीच्या बॅकअपने लाखो फाइल चाळल्या की हा आकडा काही जीबीपर्यंत फुगतो, आणि त्यात काही बिघडलेलं नसतं. खात्री करायची तर रूट (सर्वाधिकार असलेला युजर) म्हणून /प्रॉक/सिस/व्हीएम/ड्रॉप_कॅशेस मध्ये २ लिहा आणि आकडा उतरतो का बघा. गिऱ्हाइकं कामात असताना प्रॉडक्शन मशीनवर हा प्रयोग करू नका. रिकाम्या झालेल्या कॅशे पुन्हा भरेपर्यंत डिस्कची दमछाक होते.

एका क्षणाच्या आकड्यावरून काहीच कळत नाही. क्रॉनमधून दर दहा मिनिटांनी मेमइन्फो आणि स्लॅबइन्फोची प्रत काढून ठेवा आणि दोनतीन दिवसांनी 'एसअनरिक्लेम'चा आलेख काढा. कॅशे फुगते आणि एका पातळीला येऊन स्थिरावते. लीकचा आलेख काम जास्त असताना चढतो, काम कमी असताना सपाट राहतो, खाली मात्र कधीच येत नाही. त्या चढाच्या वेळा नीट पाहून ठेवा. चढ बॅकअपच्या वेळी आहे, व्हीपीएन जोडलं जातं तेव्हा आहे की कंटेनर उठतात-बसतात तेव्हा, यावरून कर्नलच्या कुठल्या कोपऱ्यात शिरायचं ते निम्मं ठरतं.

लीकसारख्या दिसणाऱ्या दोन गोष्टी आधी बाजूला काढा. कोणीतरी ह्यूजपेज (मेमरीचे मोठे ठरावीक तुकडे) राखून ठेवले असतील तर ती मेमरी कुठल्याच प्रोसेसच्या नावावर दिसत नाही; मेमइन्फोतली 'ह्यूजटीएलबी' ओळ पाहिली की उलगडा होतो. दुसरी गोष्ट कंटेनर चालवणाऱ्यांसाठी. सीग्रुप (प्रोसेसच्या गटाच्या वापराचा हिशोब ठेवणारी रचना) काढून टाकला तरी त्याच्या नावावर लागलेली पेजेस कॅशेत शिल्लक असतील तर कर्नलमधला त्याचा सांगाडा तसाच राहतो. 'सीग्रुप.स्टॅट' फाइलमध्ये मरणपंथाला लागलेल्या सीग्रुपची संख्या मिळते. ती हजारोंच्या घरात असेल तर आधी तिचा बंदोबस्त करा.

## कुठल्या खात्यातून जातेय?

कर्नल मेमरी एकाच दारातून देत नाही. तळाशी बडी ॲलोकेटर ४ केबीची पेजेस (मेमरीचे ठरावीक तुकडे) देतो. त्यावर स्लॅब उभा आहे, जो पेजचे तुकडे करून छोटे ऑब्जेक्ट देतो. शिवाय व्हीमॅलॉक, पर-सीपीयू, पेज टेबल, कर्नल स्टॅक अशी वेगळी खाती आहेत. मेमइन्फोत यातल्या बहुतेकांची स्वतंत्र ओळ असते.

'एसअनरिक्लेम' वाढत असेल तर प्रश्न सोपा, स्लॅबमध्ये शोधायचं. 'व्हीमॅलॉकयूज्ड' वाढत असेल तर /प्रॉक/व्हीमॅलॉकइन्फो उघडा. प्रत्येक तुकडा कोणत्या फंक्शनने मागितला ते तिथे लिहिलेलं असतं. खरी डोकेदुखी कुठलीच ओळ वाढत नसताना मेमरी जाते तेव्हा होते. एकूण मेमरीतून मोकळी मेमरी, फाइल कॅशे, 'ॲनॉनपेजेस', स्लॅब आणि बाकीची खाती वजा करा ('मॅप्ड' वजा करू नका, ती फाइल कॅशेतच मोजलेली असते). उरलेला आकडा रोज वाढत असेल तर कोणीतरी थेट ॲलॉक_पेजेसने पेजेस घेऊन बसलंय, किंवा कोणाच्या तरी पेजचा रेफरन्स (अजून वापरात असल्याची नोंद) धरून ठेवलाय.

अशा वेळी 'पेज ओनर' कामाला येतो. कर्नल त्या पर्यायासह बिल्ड केलेला असायला हवा आणि बूट करताना पेज_ओनर=ऑन द्यायला हवं. मग डीबगएफएसमध्ये (कर्नलची आतली माहिती फाइल म्हणून दाखवणारी फाइलसिस्टम) प्रत्येक पेजमागचा स्टॅक ट्रेस, म्हणजे ते मागणाऱ्या फंक्शनांची साखळी, मिळते. फाइल प्रचंड मोठी होते, वाचत बसू नका. कर्नलच्या सोर्ससोबतच येणारं 'पेज_ओनर_सॉर्ट' सारखे ट्रेस एकत्र करून मोजून देतं.

स्लॅबसाठी 'स्लॅबटॉप' चालवा आणि आकारानुसार लावा. वरती एखाद्या कॅशेचं स्पष्ट नाव आलं तर नशीब. बहुधा येतं 'केमॅलॉक-६४' किंवा 'केमॅलॉक-२५६', आणि यातून एवढंच कळतं की कोणीतरी ६४ बाइटच्या आसपासचं काहीतरी मागत सुटलंय. शिवाय सारख्या आकाराच्या कॅशे कर्नल एकत्र करतो, म्हणून दिसणारं नावही कधीकधी भलत्याचंच असतं. बूट पर्यायात स्लॅब_नोमर्ज टाकलं की कॅशे वेगवेगळ्या राहतात. त्यासोबत स्लब_डीबग=यू,केमॅलॉक-६४ दिलं तर त्या एका कॅशेतल्या प्रत्येक ऑब्जेक्टमागे तो कोणी मागितला याची नोंद राहते, आणि नव्या कर्नलमध्ये डीबगएफएसमधल्या 'ॲलॉक_ट्रेसेस' फाइलमध्ये ती मोजून मिळते. यासाठी सहसा कर्नल पुन्हा बिल्ड करावा लागत नाही, म्हणून मला ही वाट आवडते.

कर्नल ६.१० किंवा त्यापुढचा असेल आणि त्यात ॲलोकेशन प्रोफायलिंग चालू असेल तर /प्रॉक/ॲलॉकइन्फो मध्ये सोर्सची फाइल, ओळ क्रमांक, किती बाइट आणि किती वेळा हे सगळं आयतं मिळतं. तासाभराच्या अंतराने दोन प्रती काढा, फरक घ्या, झालं. मशीन रीबूटच करता येत नसेल तर बीसीसी संचातलं 'मेमलीक' चालवा. ते ईबीपीएफच्या (चालू कर्नलमध्ये छोटे प्रोग्राम जोडण्याची सोय) साहाय्याने, घेतलेली पण अजून परत न केलेली ॲलोकेशन दाखवतं. चालू असेपर्यंत मशीन जरा मंदावतं, तेवढं गृहीत धरा.

## केमेमलीक: काय सांगतं, काय लपवतं

केमेमलीक हे कर्नलमधलंच लीक शोधणारं साधन कॅटालिन मरिनास यांनी लिहिलं आणि २००९ मध्ये २.६.३१ कर्नलपासून ते मुख्य सोर्समध्ये आहे. स्लॅब आणि व्हीमॅलॉकमधून दिलेल्या प्रत्येक तुकड्याची ते नोंद ठेवतं. मग कर्नलचा डेटा विभाग, स्टॅक आणि ते तुकडे स्वतः असं सगळं चाळून, प्रत्येक तुकड्याकडे बोट दाखवणारा पॉइंटर कुठे उरलाय का ते शोधतं. ज्याच्याकडे कोणाचंच बोट नाही तो तुकडा संशयित. हे सगळं फुकट होत नाही. मेमरी आणि सीपीयू दोन्ही लागतात. त्यामुळे ते चाचणीच्या मशीनवर किंवा क्यूएमूमध्येच (व्हर्च्युअल मशीनमध्ये) चालवायचं.

वापर असा. डीबगएफएसमधल्या केमेमलीक फाइलमध्ये 'क्लिअर' लिहा म्हणजे आधीचे सगळे संशयित बाजूला होतात. मग ज्या कामावर संशय आहे ते काम करा. नंतर 'स्कॅन' लिहा, थोडं थांबा, पुन्हा 'स्कॅन' लिहा आणि फाइल वाचा. ५ सेकंदांपेक्षा ताज्या तुकड्यांची तक्रार केमेमलीक करत नाही. काम होताच स्कॅन केलं आणि काहीच सापडलं नाही म्हणून निश्चिंत होणारे पुष्कळ भेटतात. आपण काही केलं नाही तरी दर १० मिनिटांनी ते स्वतःहून स्कॅन करतंच.

आता एक रिपोर्ट वाचू, हार्डवेअर ड्रायव्हरमध्ये वारंवार दिसणारा. पहिल्या ओळीत पत्ता आणि आकार, समजा ८ बाइट. दुसऱ्या ओळीत त्या वेळी चालू असलेल्या प्रोसेसचं नाव, इथे 'मॉडप्रोब' (मॉड्यूल लोड करणारी कमांड). या नावावर फार विसंबू नका. ते फक्त त्या क्षणी सीपीयूवर कोण होतं ते सांगतं. इंटरप्टमध्ये घेतलेल्या मेमरीला तर 'हार्डआयआरक्यू' किंवा 'सॉफ्टआयआरक्यू' असंच लिहिलेलं असतं. पुढे पहिल्या ३२ बाइटपर्यंतचा हेक्स डंप. तो बहुतेक जण वगळून पुढे जातात. तसं करू नका. उजव्या कडेला अक्षरं वाचता येतात, आणि या उदाहरणात तिथे चक्क डिव्हाइसचं नाव दिसतं. त्याखालच्या ट्रेसमध्ये केव्हीएएसप्रिंटएफ, त्याला (मधल्या फंक्शनांतून) बोलावणारं डेव्ह_सेट_नेम आणि त्याला बोलावणारं आपल्या ड्रायव्हरचं प्रोब फंक्शन (डिव्हाइस सापडल्यावर चालणारं).

निदान इथेच झालं. डिव्हाइसचं नाव ठेवण्यासाठी कर्नलने आतल्या आत मेमरी घेतली. पुढे डिव्हाइस_रजिस्टर फसलं आणि ड्रायव्हरने आपलं स्ट्रक्चर सरळ केफ्री करून टाकलं. स्ट्रक्चर गेलं, आतलं नाव मागे राहिलं. डिव्हाइस_रजिस्टर एकदा बोलावलं की ते फसलं तरीही पुट_डिव्हाइसनेच सोडायचं असतं. स्ट्रक्चरचा मालक आता रेफरन्स काउंट (किती जण ते वापरतायत याची मोजणी) आहे, ड्रायव्हर नाही. काउंट शून्यावर आला की नाव आणि रिलीज फंक्शन दोन्ही आपापलं काम करतात.

केमेमलीकला दिसत नाही अशा जागाही लक्षात ठेवा. ॲलॉक_पेजेसने थेट घेतलेली पेजेस त्याच्या नोंदीत येत नाहीत. दोन घातांकाची ऑर्डर देऊन ४ पेजेस घेतली आणि सोडताना ऑर्डर शून्य दिली तर ३ पेजेस गायब होतात आणि केमेमलीक गप्प राहतं. दुसरी जागा म्हणजे वाढतच जाणारी लिस्ट: तिच्यातल्या प्रत्येक ऑब्जेक्टकडे पॉइंटर असतो, म्हणून तांत्रिकदृष्ट्या काहीच हरवलेलं नाही, फक्त ते काढून टाकायला कोणी येत नाही. तिसरी जागा रेफरन्स काउंटची, तिच्याकडे पुढे येतोच.

## मुद्दाम बिघाड घडवा

लीक बहुतेक वेळा एरर पाथवर असतो, कारण नेहमीचा रस्ता हजारदा तपासलेला असतो आणि मेमरी न मिळाल्यावरचा रस्ता कोणी चालवून पाहिलेलाच नसतो. तो चालवून पाहण्यासाठी कर्नलमध्ये फॉल्ट इंजेक्शन आहे. 'फेलस्लॅब' (स्लॅबकडची मागणी मुद्दाम फसवणारा पर्याय) चालू करून कर्नल बिल्ड करा, 'इग्नोअर-जीएफपी-वेट'ला 'एन' द्या, नाहीतर साध्या केमॅलॉकना ते हातच लावत नाही.

टक्केवारी देऊन आंधळेपणाने फसवण्यापेक्षा /प्रॉक मधली 'फेल-एनथ' फाइल वापरा. तिच्यात १ लिहा आणि सिस्टम कॉल करा: त्या कॉलमधलं पहिलं ॲलोकेशन फसेल. मग २, मग ३. कॉलनंतर फाइल वाचल्यावर ० आलं तर त्या क्रमांकाचा बिघाड खरंच घडला. शून्याखेरीज काही आलं की तेवढी ॲलोकेशनच त्या कॉलमध्ये नाहीत, म्हणजे सगळे रस्ते पालथे घालून झाले. प्रत्येक फेरीनंतर केमेमलीकचा स्कॅन. छोट्या प्रोग्राममध्ये हा लूप लिहायला तास लागत नाही, आणि एकदा लिहिला की दुरुस्तीनंतरची चाचणीही तीच.

तुमच्या मॉड्यूलची स्वतःची केमेम_कॅशे असेल तर आणखी एक फायदा. मॉड्यूल काढताना कॅशेत ऑब्जेक्ट शिल्लक असतील तर कर्नल डीमेसेगमध्ये (आपल्या लॉगमध्ये) बोंब मारतो. मॉड्यूल घाला, काढा, शंभरदा करा.

## कोडमध्ये मालक शोधणे

ट्रेसमधून फंक्शन कळलं की त्या फंक्शनचा कागदावर आराखडा काढा. उपरोधाने म्हणत नाही, खरोखर कागद घ्या. डावीकडे घेतलेली प्रत्येक गोष्ट: मेमरी, रेफरन्स, पिन केलेली (जागची हलू न देता धरलेली) पेजेस, आयआरक्यू (इंटरप्टची लाइन), लॉक. उजवीकडे फंक्शनमधून बाहेर पडायच्या सगळ्या वाटा. प्रत्येक चौकटीत एकच प्रश्न: या वाटेने बाहेर पडताना ही गोष्ट कोणाच्या ताब्यात आहे? उत्तर 'कोणाच्याच नाही' असेल तिथे लीक, 'दोघांच्या' असेल तिथे डबल फ्री (एकच मेमरी दोनदा सोडणं).

प्रोब फंक्शनमध्ये उतरत्या क्रमाची गोटू लेबलं (कोड जिथे थेट उडी मारतो त्या खुणा) असतात: ज्या क्रमाने घेतलं त्याच्या उलट क्रमाने सोडायचं. नवीन ॲलोकेशन मध्येच घुसवलं आणि खालच्या गोटूंची लेबलं बदलायची राहिली, की लीक तयार. म्हणून लेबलांना 'आउट१', 'आउट२' अशी नावं न देता 'एरर_फ्री_बफर' असं काय सोडतोय ते सांगणारं नाव द्यावं, असं कर्नलच्या कोडिंग स्टाइलमध्येच लिहिलेलं आहे. केरीॲलॉकचा सापळा छोटा पण चिवट: मिळालेला पॉइंटर जुन्याच व्हेरिएबलमध्ये ठेवला आणि केरीॲलॉक फसलं, तर नल येतो, जुनी मेमरी जिवंतच असते आणि तिचा पत्ता तुम्ही स्वतः पुसून टाकलेला असतो. डिव्हाइस ट्रीचे (हार्डवेअरच्या वर्णनाचे) नोड फिरणाऱ्या लूपमधून ब्रेक किंवा रिटर्नने मध्येच बाहेर पडलात तर ओएफ_नोड_पुट तुम्हालाच करावं लागतं, कारण पुढचा फेराच मागचा नोड सोडत असतो.

मेमरी मॅनेजमेंटचा खास लीक पेजेस पिन करण्यात असतो. ड्रायव्हर डीएमएसाठी (हार्डवेअरने थेट मेमरी वापरण्यासाठी) युजरची पेजेस पिन_युजर_पेजेस_फास्टने धरून ठेवतो. हे फंक्शन मागितलेल्यापेक्षा कमी पेजेस धरूनही परत येऊ शकतं, आणि किती धरली तो आकडा देतं. मांडववाल्याकडे १०० खुर्च्या मागितल्या, ६० आल्या, म्हणून कार्यक्रम रद्द केला आणि त्या ६० परत करायच्या राहून गेल्या, असा हा प्रकार. कोड नुसता 'पूर्ण मिळाली नाहीत' म्हणून एरर देऊन बाहेर पडतो. आकडा शून्यापेक्षा मोठा असेल तर तेवढी पेजेस अनपिन_युजर_पेजेसने सोडूनच बाहेर पडायला हवं.

इथेच सी भाषेचा एक डाव आहे. परत आलेला आकडा इंट आणि मागितलेला अनसाइन्ड लाँग असेल, तर दोघांची थेट तुलना करू नका. एरर म्हणून आलेली ऋण संख्या तुलनेच्या वेळी अवाढव्य धन संख्या होते, 'कमी मिळाली का' ही अट खोटी ठरते आणि काहीच पिन झालेलं नसताना कोड पुढे निघून जातो. आधी शून्यापेक्षा कमी आहे का हे वेगळं तपासा.

पिनचा लीक ओळखायला /प्रॉक/व्हीएमस्टॅट मध्ये दोन काउंटर आहेत, 'एनआर_फॉल_पिन_ॲक्वायर्ड' आणि 'एनआर_फॉल_पिन_रिलीज्ड'. ड्रायव्हर निवांत असताना दोघांतला फरक कामापूर्वी होता तेवढाच यायला हवा. येत नसेल तर कोणीतरी पेजेस धरून बसलंय, प्रोसेस कधीच संपलेली असली तरी. याचाच मोठा भाऊ म्हणजे गेट_टास्क_एमएम केल्यावर एमएमपुट विसरणं: तेव्हा एखाददुसरं पेज नाही, त्या प्रोसेसची अख्खी ॲड्रेस स्पेस पेज टेबलांसकट अडकते.

## लीकचा झाला रूट: सीव्हीई-२०१६-०७२८

लीकने फार तर मशीन हळू होईल, असं मानणाऱ्यांनी हे प्रकरण जरूर वाचावं (सीव्हीई म्हणजे जाहीर झालेल्या सुरक्षा-त्रुटीचा क्रमांक). लिनक्समध्ये प्रोसेसच्या किल्ल्या, टोकन वगैरे ठेवायला कीरिंग असतात. जॉइन_सेशन_कीरिंग या फंक्शनला नाव दिलं की ते त्या नावाची कीरिंग शोधून प्रोसेसला जोडतं. शोधणारं फंक्शन कीरिंग परत देताना तिचा वापर-काउंट एकने वाढवतं, म्हणजे एक रेफरन्स तुमच्या हातात देतं. सापडलेली कीरिंग नवी असेल तर ती प्रोसेसला जोडली जाते. एरर आली तर सोडण्यासारखं काही नसतंच.

तिसरी शक्यता: सापडलेली कीरिंग प्रोसेसकडे आधीपासूनच आहे. तेव्हा करण्यासारखं काही नाही, म्हणून फंक्शन ० हे यशाचं उत्तर ठेवून गोटूने शेवटी जात असे. हातातला रेफरन्स सोडायला कोणी नव्हतं. ३.८ कर्नलपासून जानेवारी २०१६ पर्यंत हे तसंच होतं. पर्सेप्शन पॉइंट या कंपनीच्या संशोधकांनी ते उघड केलं. लक्षात घ्या, ही यशाची वाट होती. एरर पाथ कितीही तपासले असते तरी हा बग सापडला नसता. केमेमलीकलाही दिसला नसता, कारण कीरिंग कुठेच हरवली नव्हती, तिच्याकडे पॉइंटर होते. फक्त काउंट खोटा होता. दिसत होता तो /प्रॉक/कीज मध्ये, तिसऱ्या स्तंभात, प्रत्येक कॉलला एकने चढताना.

तो काउंट ३२ बिटांचा होता. साध्या युजरने तोच कॉल चार अब्जांहून जास्त वेळा केला की काउंट पूर्ण फिरून शून्यावर येतो. कर्नल समजतो, आता कोणी वापरत नाही, आणि कीरिंग मोकळी करतो; प्रोसेसकडे मात्र तिचा पॉइंटर शिल्लकच. त्या जागी आपल्याला हवा तो डेटा बसवला की रूट मिळतो. लॅपटॉपच्या साध्या प्रोसेसरवर याला सुमारे अर्धा तास पुरत असे.

दुरुस्ती होती एक ओळ: गोटूच्या आधी रेफरन्स सोडणारं की_पुट. गंमत पुढे आहे. त्याच फंक्शनमध्ये कीरिंग प्रोसेसला जोडण्याचं काम फसलं तर तोच रेफरन्स तसाच लीक झाला असता. तो प्रसंग प्रत्यक्षात येऊ शकत नव्हता म्हणून कोणाला जाचला नाही. नंतरच्या एका पॅचने रेफरन्स सोडणारं वेगळं लेबल केलं आणि दोन्ही वाटा तिथे वळवल्या. मघाचा कागद भरला असता तर दोन्ही चौकटी एकाच दिवशी दिसल्या असत्या. एक वाट बुजवली की शेजारच्या वाटा त्याच बैठकीत तपासा.

२०१७ मध्ये ४.११ कर्नलमध्ये रेफकाउंट_टी आला. तो काउंट कमाल मर्यादेला पोचला की फिरून शून्यावर न येता तिथेच अडकून राहतो आणि इशारा देतो. मेमरी लीक होते, पण मशीन कोणाच्या हाती जात नाही. नवा कोड लिहिताना काउंटसाठी साधा ॲटॉमिक वापरू नका.

## दुरुस्ती आणि तिची परीक्षा

शक्य असेल तिथे हाताने सोडण्याची जबाबदारीच टाळा. ड्रायव्हरमध्ये डेव्हएम_केझॅलॉक घेतलं तर डिव्हाइस सुटताना मेमरी आपोआप जाते. मात्र ज्या स्ट्रक्चरला युजरने उघडलेली फाइल धरून असू शकते त्याला हे वापरू नका. डिव्हाइस काढलं की फाइल उघडी असतानाच मेमरी जाते. २०२३ मध्ये ६.५ कर्नलपासून स्कोप (व्हेरिएबल जिथपर्यंत जिवंत असतं ती हद्द) संपला की आपोआप सोडणारी सोयही आली आहे. जुन्या फंक्शनमध्ये गोटू आणि ही सोय यांची भेळ करू नका. एकतर पूर्ण फंक्शन बदला, नाहीतर जुन्या पद्धतीनेच लिहा.

जोड्या तपासा: व्हीमॅलॉकला व्हीफ्री, केव्हीमॅलॉकला केव्हीफ्री. केफ्रीला नल दिलेला चालतो, पण एरर कोड गुंडाळलेला पॉइंटर दिला तर कर्नल कोसळू शकतो.

मग परीक्षा. तोच लूप, तोच केमेमलीक, तीच 'फेल-एनथ' फेरी. लीक गेला म्हणून थांबू नका, आता केसॅन (मेमरीचा चुकीचा वापर पकडणारं साधन) चालू असलेला कर्नल घ्या आणि सगळं पुन्हा चालवा. जिथे मालक दुसराच होता तिथे तुम्ही जादा पुट केलं असेल, तर लीकच्या जागी यूज-आफ्टर-फ्री (सोडलेल्या मेमरीचा वापर) आलेला असतो आणि तो लीकपेक्षा कितीतरी घातक. २०२० मध्ये मिनेसोटा विद्यापीठातल्या संशोधकांनी किरकोळ दुरुस्ती वाटणाऱ्या पॅचमधून नेमके असेच बग घुसवता येतात का हे आजमावलं, आणि त्यावरून २०२१ मध्ये कर्नलच्या लोकांनी त्या विद्यापीठाचे पॅच घेणं बंद केलं. त्यामुळे तुमच्या एका ओळीवर मेंटेनरने (कर्नलचा तो भाग सांभाळणाऱ्याने) दहा प्रश्न विचारले तर वाईट वाटून घेऊ नका.

पॅचच्या वर्णनात 'मेमरी लीक दुरुस्त केला' एवढंच लिहून भागत नाही. रेफरन्स कोणत्या फंक्शनने घेतला, कोणत्या वाटेने तो सुटत नव्हता आणि इतर वाटांवर तो कोण सोडतं, हे तीन वाक्यांत लिहा. जमलं तर केमेमलीकचा ट्रेस जोडा. बग ज्या कमिटने (नोंदवलेल्या कोड-बदलाने) आणला त्याच्या आयडीची पहिली १२ अक्षरं 'फिक्सेस' ओळीत द्या, जुन्या कर्नलमध्येही दुरुस्ती जायला हवी असेल तर स्टेबलचा (जुने कर्नल सांभाळणाऱ्यांचा) पत्ता सीसीत टाका, आणि पॅच कोणाला पाठवायचा ते गेट_मेंटेनर स्क्रिप्टला विचारा.

'फिक्सेस'ची ओळ अंदाजाने लिहू नका. गिट ब्लेमने (कोणती ओळ कोणत्या कमिटने आणली ते सांगणारी कमांड) दाखवलेली कमिट पुष्कळदा नुसती ओळ हलवणारी असते. तिच्या मागे जाऊन रेफरन्स घ्यायला खरी सुरुवात कुठे झाली ते शोधा. चुकीची, खूप जुनी कमिट दिली तर तुमची ओळ अशा जुन्या शाखेतही जाईल जिथे शोधणारं फंक्शन मुळात काउंट वाढवतच नव्हतं, आणि तिथे तुमचं पुट दुसऱ्याचा रेफरन्स सोडून देईल.